एकट्यानं भरवलेली सभा आणि बहुमतानं फेटाळलेला ठराव

तीर्थस्वरूप वहिनींच्या पायांशी धाकट्या दिराचा दंडवत.

(गुडघे अजून वाकतात. उठताना मात्र भिंत लागते, म्हणून हल्ली सगळे नमस्कार भिंतीलगतच घालतो.) तुमच्या खांद्याचं कसं आहे? पुतणी म्हणाली की हात कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत जातो, त्याच्या वर जात नाही. मग काळजीचं कारण नाही, त्याच्या वर घरात असतं तरी काय? जावईबापूंना आशीर्वाद सांगा, नातीचा माझ्या वतीनं एक पापा घ्या. तिचे पुढचे दोन दात पडले असं कळलं. माझे मागचे दोन पडले. तिचे परत येतील म्हणा, त्यामुळे तिनं फार रडू नये. बाकी इकडे सर्व क्षेम. रक्तदाब डॉक्टरांना आवडत नाही, मला त्याचं काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना भाऊजींना हे पत्राचं खूळ कुठून सुचलं. वहिनी, रागावू नका, पण तुमच्याशी फोनवर माझं बोलणं कधी पुरं होतच नाही. तुम्ही ‘बरं आहे’ म्हणता, मी ‘बरं आहे’ म्हणतो, मग मी घसा खाकरून मूळ विषयाला हात घालणार तेवढ्यात तुम्ही ‘बरं मग, ठेवते’ म्हणून मोकळ्या होता. पत्राचं बरं असतं. तेही मध्येच ठेवून देता येतं, पण ठेवल्याचा आवाज मला ऐकू येत नाही.

तर मूळ विषय. आपली नाटक मंडळी कायद्याच्या दृष्टीनं कधी जन्मलीच नाही, असा शोध लागला आहे. दादानं (तुमच्या यजमानांना तुमच्यासमोर नुसतं दादा म्हणताना मला अजून अवघडतं, पण दुसरं काय म्हणू?) ती काढली, वाढवली, मिळेल त्या ट्रकमध्ये घालून गावोगाव नेली, त्यात तुमचं आणि माझं सबंध तारुण्य खर्ची पडलं, आणि सरकारदरबारी तिचा मागमूस नाही. दादाला कुणी विचारलं की तुमची संस्था कुठली, तर तो म्हणायचा, संस्था कसली, आम्ही नाटकवाले. तेवढ्यावर भागायचं. शाळेच्या वरच्या मजल्यावरची तालमीची खोलीसुद्धा जुन्या मुख्याध्यापकांनी अशीच जिन्यात उभ्या उभ्या देऊन टाकली होती. आता जुने मुख्याध्यापक गेले, दादा गेला, आणि जिन्यात उभ्या उभ्या काही ठरवून टाकायची पद्धतही गेली.

नव्या मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई वाईट नाहीत. फक्त भेटीआधी पालकांच्या बाकावर इतका वेळ बसवतात, की आत जाईपर्यंत आपण गणितात नापास झालो आहोत अशी आपलीच खात्री पटते. त्यांनी विचारलं, तुमची मंडळी म्हणजे नेमकी काय आहे? मी म्हटलं, हौशी. त्यांनी समोरच्या कागदावर ‘हौशी’ असं लिहिलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि खोडलं. नव्या व्यवस्थापनाचा नियम असा की, शाळेची जागा वापरायची तर रीतसर करार हवा, आणि करार होतो तो नोंदलेल्या मंडळाशी. एकट्यादुकट्या माणसाशी नाही. महिनाअखेरपर्यंत तुमचं काय ते कायदेशीर स्वरूप घेऊन या, नाहीतर खोली कराटेच्या वर्गाला देऊन टाकावी लागेल, असं त्या म्हणाल्या. आणि मग हळूच म्हणाल्या की मला स्वतःला नाटक आवडतं हो. तो अनुभव नेहमीचाच. ज्यांना नाटक आवडतं त्यांच्याच हातात नेहमी नियमाचं पुस्तक असतं.

खोली गेली तर काय जातं हे तुम्हाला सांगायला नको. दादानं स्वतःच्या हातानं ठोकलेला तो बुटका रंगमंच, ज्याची तिसरी फळी फक्त तुमच्याच पायाखाली करकरायची. खिडकीशेजारचा आरसा. देखाव्यातले ढग ठेवायची जागा. माझ्या दीड खोलीच्या घरात तर ढगांना वाव नाही, तिथे मलाच उठताना कोपर आपटतं.

म्हणून वकील गाठला. वकील म्हणजे वकीलबाई, आपल्या पुतणीच्या वयाच्या, मला काका म्हणतात. त्यांची कचेरी शिवणाच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर आहे. खाली मशिनं सुरू झाली की वर टेबल थरथरतं, त्यामुळे त्या एक हात कायम चहाच्या कपावर ठेवून कायदा सांगतात. त्यांचा पहिलाच प्रश्न होता की मंडळीला नफा होतो का. मी इतका हसलो की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. दुसरा प्रश्न असा की, समजा खेळ चालू असताना देखावा कोसळून कुणाला लागलं, तर जबाबदारी कुणाची? मी म्हटलं, ढग एकदाच कोसळला होता, तोही आमच्या नायकाच्या डोक्यावर, आणि लोकांना ते नाटकातलंच वाटून टाळ्या पडल्या. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, काका, मंडळ नोंदलेलं असेल तर मंडळ जबाबदार, नसेल तर तुम्ही जबाबदार. तुमचं राहतं घर जाईल. मला त्या ढगाची पहिल्यांदाच भीती वाटली.

मग त्यांनी प्रकार सांगितले. पहिला प्रकार संस्था. त्याला इथे सात माणसं लागतात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार नेमायचे, नियम लिहून काढायचे आणि दर वर्षी सभा घेऊन भांडायचं. (भांडायचं हा माझा शब्द. त्या चर्चा म्हणाल्या. त्यांनी आपली माणसं पाहिलेली नाहीत.) दुसरा न्यास. म्हणजे आपली मालमत्ता एखाद्या चांगल्या कामाला वाहून टाकायची आणि विश्वस्तांनी ती डोळ्यांत तेल घालून सांभाळायची. मालमत्ता काय आहे, असं त्यांनी पेन उचलून विचारलं. मी म्हटलं, सिंहासन एक, साडेतीन पायांचं. दाढ्यांची पेटी, त्यात पांढऱ्या जास्त. ढग दोन, पैकी एक पडका. त्यांनी पेन खाली ठेवलं. तिसरा प्रकार नफा न वाटणारी कंपनी. तिला संचालक लागतात, हिशेबतपासनीस लागतो आणि दर वर्षी सरकारला आपली हकीकत वेळेवर कळवावी लागते. आपल्या प्रॉम्प्टरला मी मनातल्या मनात संचालक करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. चौथा प्रकार भागीदारी. दोघं पुरतात. एकानं घोटाळा केला तर दुसऱ्यानं निस्तरायचा, दुसऱ्यानं केला तर पहिल्यानं. मी म्हटलं, बाई, हे तर आम्ही जन्मभर फुकटात करत आलो. पाचवा म्हणजे एकल मालकी, एकट्या माणसाची. तो त्यांनी जाता जाता सांगितला आणि मीही जाता जाताच ऐकला.

मी संस्थाच पसंत केली. खरं कारण सांगू? सात हा आकडा ऐकून मला हाव सुटली. तिथेच टेबलाखाली बोटं मोजली. मी, तुम्ही, नायक, लाइटवाला, मेकअपवाला, पडदेवाला, प्रॉम्प्टर. बरोबर सात. वकीलबाईंना म्हटलं, माणसं आहेतच, नुसता आवाज द्यायचा अवकाश. त्या म्हणाल्या, मग एक सभा घ्या, ठराव करा, इतिवृत्त लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि या. माळ्याचा जिना उतरताना मी चक्क शीळ घालत होतो.

इथे एक खुलासा करायला हवा. फोनवर तुम्ही विचारता, तालमी चालू आहेत ना? मी म्हणतो, आहेत. तर त्या आहेतच. मी रोज संध्याकाळी जातो, कुलूप उघडतो, पुढचा एक दिवा लावतो, फळ्यांवरची धूळ झटकतो आणि बसतो. तालमीला कोण कोण येतं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मलाही आपण होऊन सांगावंसं वाटलं नाही. दादा गेल्यावर शेवटचा खेळ झाला, तुम्ही पुतणीकडे राहायला गेलात, त्यानंतर एकेक जण कमी होत गेला. भांडून कुणी गेलं नाही. भांडून गेले असते तर निदान परत बोलावता आलं असतं.

नायक आता विमा विकतो. पोट सुटलं आहे, पण आवाज तसाच, त्यामुळे मरणाची भीती छान घालतो. त्याला फोन केला तर म्हणाला, अरे मी नाही येणार तर कोण येणार? लाइटवाल्याचं दिव्यांचं दुकान जोरात आहे. तो म्हणाला, विचारायचं काय त्यात. मेकअपवाला मुलींना केशरचना शिकवतो, त्याला तर फोनवरच गहिवरून आलं. पडदेवाल्याच्या सुनेनं सांगितलं की ते हल्ली खाली उतरत नाहीत, पण त्या दिवशी उतरवते. प्रॉम्प्टर मुलाकडे गेला आहे. तो येणार नाही हे मला माहीत होतं, पण त्याचा आवाज ऐकावा म्हणून त्यालाही फोन केला. अजून तसाच कुजबुजत बोलतो, जणू पलीकडे खेळ चालू आहे. आणि तुम्हाला मी बोलावलंच नाही. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा घसा खाकरेपर्यंत तुम्ही ठेवलात.

सभा रविवारी संध्याकाळी ठेवली. शाळेच्या सात खुर्च्या गोल मांडल्या. बिस्किटं आणली, त्यात मेकअपवाल्याला साखर चालत नाही म्हणून त्याची वेगळी. फळ्यावर ‘स्वागत’ असं लिहिलं आणि मग ते फार शाळेसारखं वाटलं म्हणून पुसलं. आणि वाट बघत बसलो. नायकाला ऐन वेळी गिऱ्हाईक आलं. त्यानं फोनवर हात जोडलेलं चित्र पाठवलं. लाइटवाल्याकडे कुणाचा तरी अख्खा इमला अंधारात गेला. मेकअपवाल्याचा वर्ग लांबला. पडदेवाला दोन पायऱ्या उतरला आणि परत फिरला. कुणी वाईट नाही, वहिनी. सगळ्यांना मनापासून यायचं होतं. पण मला वाईट वाटलं. फार वाटलं. सात खुर्च्यांतल्या एकीवर बसून सहा खुर्च्यांकडे बघत राहायचं, हे माझ्या वयाच्या माणसानं करू नये.

आता पुढचं वाचताना हसू आलं तर खुशाल हसा, पण पुतणीला मोठ्यानं वाचून दाखवू नका. तिला आधीच माझी काळजी वाटते. तुम्हाला दादाचा तालमीचा नियम आठवतो ना? तालीम कुणासाठी थांबायची नाही. जो आला नाही त्याचं वाक्य जो आला आहे त्यानं वाचायचं. आणि वाचायचं ते पाट्या टाकल्यासारखं नाही, तर त्याचं त्याच्यासारखं, प्रामाणिकपणे. या नियमापायी मी खलनायकाचा, दासीचा आणि एकदा तर घोड्याचासुद्धा भाग वाचला आहे. तेव्हा खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून सभा तहकूब करावी असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी उठलो, नायकाच्या खुर्चीत बसलो, पोट पुढे काढलं आणि विचारलं, अध्यक्ष कोण?

वहिनी, काय सभा झाली म्हणून सांगू! अध्यक्षपद मी तुमच्या नावानं सुचवलं, तर नायक रुसला. लाइटवाला म्हणाला की मी विरोधात नाही, पण मला पुढे करू नका. मेकअपवाल्यानं विचारलं की यादीत माझं नाव लाइटवाल्याच्या खाली का? पडदेवाल्याचं एकच पालुपद, लवकर आटपा. प्रॉम्प्टर प्रत्येकाचं वाक्य त्याच्या आधी अर्धा क्षण पुटपुटत होता, त्यानं नायक आणखी भडकला. एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत जाऊन जाऊन मला धाप लागली. मध्ये तर नायक आणि लाइटवाला एकदमच बोलायला लागले, तेव्हा मला माझ्या खुर्चीत परत येऊन ओरडावं लागलं की एका वेळी एकानंच बोला. खरं सांगतो, इतकी मजा मला कित्येक दिवसांत आली नव्हती. खोली भरल्यासारखी वाटत होती.

मग मी ठराव मांडला. आपल्या मंडळीची रीतसर संस्था म्हणून नोंदणी करावी आणि ही खोली राखावी. मतदान घेतलं. नायक विरोधात, कारण अध्यक्ष तो नाही. लाइटवाला विरोधात, कारण सही केली की जबाबदारी आली. पडदेवाला म्हणाला, पडायचाच तर पडदा वेळेवर पडू द्या, तोही विरोधात. मेकअपवाला बाजूनं, तो तसा मऊच आहे. प्रॉम्प्टर बाजूनं, कारण मी म्हणतो तेच तो म्हणतो, जरा आधी. मी अर्थातच बाजूनं. तिघं इकडे, तिघं तिकडे. घोडं अडलं ते तुमच्या मतावर.

तुमची खुर्ची खिडकीपाशी ठेवली होती, तुम्ही नेहमी बसायचात तिथे. मी जाऊन बसलो. तुमच्यासारखी मांडीवर पिशवी घेतली. मला वाटलं होतं, तुम्ही आपल्या बाजूच्या. आणि तोंडातून निघालं, ‘भाऊजी, आता पुरे झालं. घरी जा.’ तुम्ही दादाला औषध घ्यायला सांगायचात ना, अगदी त्याच आवाजात. मी काही ते वाक्य ठरवलं नव्हतं. त्या खुर्चीत बसल्यावर तेच आलं. मग उठून परत माझ्या खुर्चीत येऊन बसलो, कारण ते वाक्य मला उद्देशून होतं आणि ते माझ्या खुर्चीत बसून ऐकणं भाग होतं.

ठराव चार विरुद्ध तीन मतांनी नामंजूर झाला. इतिवृत्तात मी तसंच लिहिलं. मनात आणलं असतं तर एक मत इकडचं तिकडे करायला कितीसा वेळ लागतो? बघायला कोण होतं? पण दादाचा नियम म्हणजे नियम.

मी दिवा मालवत होतो तेवढ्यात झाडूवाल्या मावशींनी दारातून डोकं आत घातलं. म्हणाल्या, ‘झाली का मिटिंग? केवढा तो गलका! बरीच मंडळी आली होती वाटतं आज.’ मी म्हटलं, हो, बरीच. तर म्हणाल्या, ‘मग गेली कुठनं? मी तर मघापासून जिन्यातच हाय.’ मी म्हटलं, मागच्या जिन्यानं. (मागे जिना नाही. त्या तिथे जन्मभर झाडतात, त्यांना माहीत आहे.) त्यांनी मेकअपवाल्याची दोन बिस्किटं खाल्ली आणि म्हणाल्या, ‘रोज यायला सांगा की त्यांना. तुमी एकलेच बसून असता.’ मी सांगतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी इतिवृत्त घेऊन वकीलबाईंकडे गेलो. सुरुवातीला त्या वाचताना हसत होत्या. म्हणाल्या, काका, असं जिवंत इतिवृत्त मी पहिल्यांदाच वाचतेय, सगळे डोळ्यांसमोर उभे राहतात. मग शेवटचं पान उलटलं आणि म्हणाल्या, सही एकच आहे. बाकीचे सहा कुठे आहेत? मी म्हटलं, ते गैरहजर होते, त्यांचं मी वाचलं. बाईंनी मान वर केली. खालची मशिनं नेमकी त्याच वेळी थांबली होती, त्यामुळे ती शांतता जरा जास्तच झाली. त्यांनी विचारलं, म्हणजे ही सगळी सभा तुम्ही एकट्यानं केली? हो म्हटलं. मग तुम्ही हरलात कसे? मी म्हटलं, प्रामाणिकपणे वाचलं. चहाच्या कपावरचा हात काढून त्यांनी तो कप माझ्यापुढे सरकवला. उष्टा होता, पण मी प्यालो. अशा वेळी नाही म्हणू नये.

मग त्यांनी समजावलं की दुसऱ्याचं वाक्य वाचून दाखवायची सोय कायद्यात नाही. तिथे ज्याचं त्यानंच म्हणावं लागतं. सात नाहीत तर संस्था नाही. मी विचारलं की मग मला आता कुठला प्रकार उरतो? त्या म्हणाल्या, एकल मालकी. त्यासाठी काय करावं लागेल? त्या जरा थांबून म्हणाल्या, काही नाही काका. तुम्ही ते आत्ताच आहात. वहिनी, इतर प्रत्येक प्रकाराला धावपळ लागते, माणसं लागतात, शिक्के लागतात. हा एकच असा की माणसानं नुसतं बसून राहिलं की आपोआप होतो. आणि त्याला म्हणायचं मालक! कसला मालक? साडेतीन पायांच्या सिंहासनाचा. शिवाय शाळेला तो चालत नाहीच, मुख्याध्यापिका बाईंनी आधीच सांगितलं होतं, एकट्या माणसाशी करार नाही.

तेव्हा वहिनी, मी ठरवून टाकलं आहे. सभेचा निर्णय सभेचा असतो, मग तो कुणाच्या का तोंडून निघेना. महिनाअखेरीला खोलीची किल्ली मुख्याध्यापिका बाईंना नेऊन देईन. कराटेवाल्या मुलांना दादाचा रंगमंच उड्या मारायला बरा पडेल, फळ्या मजबूत आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. संध्याकाळी काय करायचं याचा थोडा प्रश्न आहे, पण लोक बागेत फिरतात असं ऐकतो. मीही फिरेन. हे पत्र केवळ तुमच्या माहितीसाठी लिहिलं आहे. त्यात तुमच्याकडून काहीएक अपेक्षा नाही. खांद्याला शेक देत जा, नातीला आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर,
(कायद्यानं) एकल मालक

ता. क. सिंहासनाचं काय करू? पुतणीच्या गच्चीत जागा असेल तर पाठवून देतो. अर्ध्या पायाखाली वीट सरकवली की वर कुंडी छान राहील. नातीला बसू देऊ नका, त्यावर तोल फक्त राजालाच साधतो.

ता. क. २. सोबत एक कागद घातला आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. वकीलबाईंनी सहज म्हणून भागीदारीचा मसुदा करून दिला. भागीदारीला दोनच माणसं लागतात आणि नोंदलेली असली की शाळेला ती चालते, तसं मी मुख्याध्यापिका बाईंना सहज विचारून आलो. पहिलं नाव तुमचं आहे, कारण मान तुमचा. घोटाळे कोण करणार आणि निस्तरणार कोण, हे आपल्यात पूर्वीपासून ठरलेलं आहे. वकीलबाई म्हणाल्या की दुसऱ्या भागीदाराची सही टपालानं मागवली तरी चालेल. हे मी तुम्हाला कळवणार नव्हतो. तुम्ही विचारलं असतंत तर सांगणार होतो की समक्ष यावंच लागतं, कायदाच तसा आहे. पण तुमच्याशी खोटं बोललो तर दादा स्वप्नात येऊन बोलणी घालेल. तेव्हा वाचलंत तसं हे विसरूनही जा.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला घेतलं आणि पुतणीचा फोन आला. तुमच्या नकळत केला होता, म्हणून हळू बोलत होती. तिला काळजी लागली आहे. म्हणाली, काका, आई हल्ली ओट्याशी उभी राहून एकटीच बोलते, डॉक्टरांना दाखवू का? मी विचारलं, काय बोलते? ती म्हणाली, ‘नीट कळत नाही. काल म्हणाली, दरवाजा कुणी उघडा ठेवला? मला वाटलं, खरंच दरवाजा उघडा आहे. बघून आले, तर बंद होता. मग आई बराच वेळ नुसती उभी राहिली आणि म्हणाली, असू द्या तर मग, उघडाच असू द्या.’ मी पुतणीला सांगितलं की डॉक्टर नको, आई तालीम करते आहे. आमच्या शेवटच्या नाटकातला, दुसऱ्या अंकातला राणीचा आणि प्रधानाचा प्रवेश, राणी आई आणि प्रधान मी. ती म्हणाली, मग मध्येच थांबते का? विसरते का? मी तिला काही बोललो नाही, पण तुम्हाला सांगतो. तुम्ही विसरत नाही. तिथे माझं वाक्य आहे. जो नाही त्याचं वाक्य आपण वाचायचं, हा नियम तुम्हालाही पाठ आहे, तरी तुम्ही ते वाचत नाही, जागा सोडता. तेव्हा मला शंका आहे की सभेत तुमचं वाक्य मी वाचलं ते चुकीचं वाचलं. ते तुमचं तुम्ही येऊन म्हणा. विरोधात असलं तरी चालेल, दोघांत एक विरोधात असलेली मंडळी मी चालवून दाखवीन. आणि त्या मोकळ्या जागेतलं माझं वाक्य असं आहे: ‘मी ठेवला महाराणी, कुणी येईल म्हणून.’ सही टपालानं चालते वहिनी, हे चालत नाही. या.